दोन्ही वेळची चूल

पिंपळझरीच्या बौद्धपुऱ्यात श्रावणएवढं शिकलेलं दुसरं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट पुऱ्यातलं शेंबडं पोरसुद्धा आलेल्या पाहुण्याला आधी सांगायचं, मग पाणी द्यायचं. मारेगावपासून आत, जंगलाच्या कडेला असलेलं हे गाव. तिथला मुलगा नागपूरला राहून अर्थशास्त्रात एम.ए. करतो म्हणजे नक्की करतो काय, हे मात्र कोणालाच उमगत नव्हतं. त्याची आई मथुराबाई सांगायची, की तो मोठ्या सरकारी हिशेबाचं शिकतो. श्रावणनं तिला एकदोनदा समजावून पाहिलं आणि नाद सोडला. आईच्या तोंडून ते ऐकायला त्याला बरंच वाटत होतं.

त्रेसष्ट साली त्याच्या प्रबंधाची वेळ आली. त्याचे पळसुले सर नुकतेच विलायतेहून परतले होते आणि नव्यानं परतलेल्या माणसाच्या अंगात असतो तेवढा उत्साह त्यांच्याही अंगात होता. पुस्तकांतून उतरवून काढलेले प्रबंध मला दाखवू नका, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. गावात जा, माणसांना विचारा, आकडे आणा आणि समीकरण मांडून दाखवा की कशामुळे काय होतं. जे मोजता येत नाही त्यालाही समीकरणात जागा देता येते, हे त्यांनी फळ्यावर करून दाखवलं. एखादी गोष्ट घराला लागू असली तर एक लिहायचा, नसली तर शून्य. बाकी सगळं सारखं धरून त्या एका गोष्टीनं किती फरक पडला, ते मग गणितच सांगतं.

त्या शून्य-एकवर श्रावणचं मन जडलं. कशासाठी, ते कळायला थोडं मागं जायला हवं.

छप्पन्नच्या दसऱ्याला पुऱ्यातली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. श्रावणचे वडील तेव्हा हयात नव्हते. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ बाबाराव, पुऱ्याचे पुढारी होते. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांकडून वचन घेतलं, की गावातलं मेलेलं ढोर यापुढं ओढायचं नाही आणि त्याच्या बदल्यातलं धान्य मागायला कोणाच्या खळ्यावर जायचं नाही. गावचे मोठे शेतकरी विठ्ठलराव यांना हे काही मानवलं नाही. त्यांनी चावडीसमोर सगळ्यांदेखत सांगितलं, "होळीवरी पाह्यतो. पोट घेऊन माह्याच दारात येसान."

होळी आली, गेली, तशा कितीतरी होळ्या गेल्या, पण कोणी गेलं नाही. विठ्ठलरावांनी मग पुऱ्यातल्या बायांना कापूस वेचायला बोलावणं बंद केलं. त्यांचं पाहून इतरांनीही हात आखडला. पुऱ्यातली माणसं लांबलांबच्या गावांत मजुरी शोधत हिंडायला लागली. पण मागं वळून पाहिलं नाही, हे बाबाराव छाती काढून सांगायचे. श्रावणलाही तेच सांगायचं होतं. फक्त त्याला ते समीकरणातून सांगायचं होतं, म्हणजे विठ्ठलरावांना त्यावर बोट ठेवायला जागा उरणार नव्हती.

त्यानं प्रश्न ठरवला तो असा, की वर्षाचे किती महिने घरात दोन्ही वेळ चूल पेटते. रुपयांत विचारलं तर माणूस गोंधळतो, चुलीचं कोणालाही सांगता येतं. त्याच्यासमोर घरातले कमावते हात, जमीन, बाजाराचं अंतर आणि शेवटी ते शून्य-एक मांडायचं: दीक्षा घेतलेलं घर असेल तर एक. त्या शेवटच्या रकान्याचं चिन्ह अधिक आलं की विठ्ठलरावांच्या तोंडाला कुलूप. सरांनी त्याची गंमत ओळखली असावी. ते म्हणाले, "चिन्ह कुठलंही आलं तरी पदवी मिळेल. चिन्हाच्या प्रेमात पडू नका." श्रावणनं मान डोलावली आणि प्रेमात पडूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला.

आधी तो परक्या घरांत हिंडला. आसपासच्या गावांतले भूमिहीन कुणबी झाले, जंगलातले कोलामांचे पोड, म्हणजे त्यांचे पाडे, झाले. पॅंट घातलेला, हातात कागद घेतलेला माणूस म्हणजे सरकारचाच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. दोन्ही वेळची चूल म्हणताच ते हसायचे. कुठली दोन्ही वेळची, साहेब, असं म्हणून चार महिने, पाच महिने सांगायचे आणि वर आपली गाऱ्हाणी ऐकवायचे. एका म्हाताऱ्यानं तर धान्य कधी येणार तेच विचारून घेतलं. श्रावणला हे कळत होतं. माणसं पदरात काही पडेल या आशेनं थोडं कमीच सांगतात. पण सरांनीच शिकवलं होतं, की कोणी कमी सांगतं, कोणी जास्त, शेवटी चुका एकमेकींना खाऊन टाकतात.

मग तो आपल्या पुऱ्यात आला. इथं त्याचं स्वागत जावयासारखं झालं. मथुराबाई त्याच्याबरोबर घरोघर फिरली. उकंडाचं घर पहिलं. उकंडा म्हणजे बाबारावांचा उजवा हात, मुलखाचा अबोल माणूस. त्यानं प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही आणि म्हणाला, बाराही महिने. श्रावणच्या कागदावर एक रकाना त्याच्या स्वतःच्या पाहण्याचाही होता, घरात धान्य दिसलं की नाही. चुलीशेजारी तुपाचा मोठा पत्र्याचा डबा होता, झाकण काढून ठेवलेला, ज्वारीनं काठोकाठ भरलेला. त्यानं लिहिलं, दिसलं. उकंडाच्या बायकोनं निळ्या फुलांच्या कपात गुळाचा चहा दिला. कपाला दांडी नव्हती, हात भाजला, पण चहा झकास होता.

घर झालं की मथुराबाई त्याला बाबारावांच्या ओट्यावर नेऊन बसवायची, जरा दम खा म्हणायची, पंख्यानं वारा घालायची. उन्हाचे दिवस होते, त्यालाही बरं वाटायचं. मग पुढचं घर. तिथंही बाराही महिने, तिथंही काठोकाठ डबा, तिथंही बिनदांडीच्या निळ्या फुलांच्या कपात चहा. तिसऱ्या घरात तसाच कप पाहून त्याला हसू आलं. पांढरकवड्याच्या बाजारात कोण्या व्यापाऱ्यानं फुटका माल पुऱ्याच्या गळ्यात मारलेला दिसतो, असं तो आईला म्हणालासुद्धा. मथुराबाई म्हणाली, असन बापा.

असा हा आमचा पदवीधर! समोर धान्य दिसत होतं, हातात चहा होता, आणि जे त्याला हवं होतं तेच सगळे सांगत होते. शंका यायला माणसाला थोडं तरी दुःख लागतं, आणि त्या आठवड्यात तो सुखात होता.

फक्त एका घरात वेगळं घडलं. कांताबाई त्याची चुलत आत्या. नवरा गेलेला, दोन मुली लहान. तिच्या दारात चहा नव्हता. प्रश्न विचारला तेव्हा ती त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "पाच महिने. लेही."

धान्याचं त्यानं विचारलं नाही, त्याला नुसतं पाहायचं होतं. तिनंच चुलीकडे हात केला. तिथं काहीच नव्हतं. बाहेर उभे असलेले बाबाराव खाकरले. वाटेत मथुराबाईनं समजूत घातली, की कांताचं डोकं ठिकाणावर नाही, पुऱ्याच्या एका पंगतीवरून मोठेबाबांशी भांडून बसली आहे, त्यांची मान खाली घालायला काहीही बोलेल. श्रावणला ते खरं मानायचं होतं, म्हणून त्यानं मानलं.

नागपूरला विभागात हातानं फिरवायचं एक गणनयंत्र होतं. श्रावण हिवाळाभर त्याचा दांडा फिरवत बसला. बेरजा, वर्ग, गुणाकार, पुन्हा पडताळा. शेवटी उत्तर आलं तेव्हा त्यानं ते सरांना दाखवण्याआधी कॉलेजच्या आवाराला दोन फेऱ्या मारल्या. चिन्ह अधिक होतं. नुसतं अधिक नव्हतं, भक्कम होतं. जमीन तेवढीच, हात तेवढेच, बाजार तेवढाच लांब, तरी दीक्षा घेतलेल्या घरात चूल जास्त महिने पेटत होती. ढोर ओढणं सोडलेली माणसं, गावातली मजुरी बंद झालेली माणसं उपाशी मेली नव्हती, उलट वर आली होती. त्याला रडायला आलं, आणि तो रडला.

सर खूश झाले. मग त्यांनी आलेखावर पुऱ्यातल्या बाकी घरांपासून दूर पडलेल्या एका ठिपक्यावर पेन्सिल टेकवली. ते कांताबाईचं घर.

"हे एकच घर असं का? एक तर हे घर चुकलंय, नाहीतर बाकीचे सगळे चुकलेत. एकदा जाऊन पाहून या."

परीक्षा जवळ आली होती. जायचं म्हणजे मारेगावची एसटी, पुढं पायवाट. आणि जाऊन पाहायचं काय, ते त्याला माहीतच होतं. तो गेला नाही. त्यानं तळटीप लिहिली, की या घरातली माहिती भरवशाची नाही, आणि कांताबाईला वगळून पुन्हा दांडा फिरवला. उत्तर आणखी सुरेख आलं.

पहिला वर्ग मिळाला. सरांनी प्रबंधाचा सारांश छापून घेतला आणि म्हणाले, अभ्यास कपाटात पडून राहू नये, तुमच्या तालुक्याच्या पंचायत समितीला एक प्रत पाठवा. विठ्ठलराव त्याच समितीवर निवडून आले होते. श्रावणनं प्रत पाठवली ती त्यांच्यासाठीच. पाकिटावर पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आणि मनात म्हणाला, वाचू दे एकदा लेकाला.

विठ्ठलरावांनी वाचलं. त्या प्रबंधाला त्यांच्याइतका मन लावून वाचणारा वाचक दुसरा मिळाला नाही.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस रुसला. दिवाळीपर्यंत कापसाची बोंडंही धड धरली नाहीत. समितीकडे रस्त्याची खडी फोडायचं काम आलं आणि स्वस्त धान्याची दुकानं आली, दोन्ही थोडी, मागणारी गावं फार. कोणाला द्यायचं यावर बैठक बसली. विठ्ठलराव उठले आणि त्यांनी छापील सारांश शांतपणे वाचून दाखवला. आमच्या पिंपळझरीच्या बौद्धपुऱ्यात बाराही महिने दोन्ही वेळ चूल पेटते, हे मी म्हणत नाही, त्यांचाच मुलगा म्हणतो, पहिल्या वर्गात पास झालेला. आहे त्यांच्या ताटातलं काढू नका, पण नसलेल्यांना आधी द्या. यात खोटं बोलण्याची त्यांना गरजच पडली नाही. काम पलीकडच्या गावांना गेलं, दुकानही गेलं.

श्रावणला यातलं काही कळलं नाही. तो नागपुरात शिकवण्या घेत नोकरीची वाट पाहत होता. थंडीत यवतमाळच्या एका कॉलेजातून नेमणुकीचा कागद आला. तो पेढे घेऊन निघाला, मारेगावला उतरला आणि उन्हं कलायच्या आत पिंपळझरीला पोचला.

पुऱ्यात चिटपाखरू नव्हतं. कांताबाईच्या दाराला काटेरी फांदी लावलेली होती. मथुराबाई घरातच होती, अंगानं अर्धी झालेली. तिनं पेढ्यांचा पुडा हातात घेतला, उघडला नाही, फळीवर ठेवला. कांता मुली घेऊन राजूरला गेली, खाणीकडे काही काम मिळतं का पाहायला, एवढं सांगितलं आणि चहा टाकला. चहा बिनदुधाचा होता, गूळही नव्हता. कप बिनदांडीचा होता, निळ्या फुलांचा.

श्रावणनं तो हातात फिरवून पाहिला. काठाला एक तडा होता, तोही त्याला ओळखीचा वाटला.

"माय, हा तर उकंडाच्या घरचा कप."

"उकंडाच्या घरी कुठचा कप," मथुराबाई म्हणाली. "एकच हाये पुऱ्यात. तू येणार म्हून मोठेबाबानं आणलता."

मग तिनं सगळं सांगितलं. तिला आता लपवायचा कंटाळा आला होता. डबाही एकच होता. पुऱ्यातल्या प्रत्येक घरानं मूठमूठ घातली तेव्हा तो भरला. श्रावण ओट्यावर दम खात बसायचा तेवढ्यात उकंडा मागच्या दारानं डबा आणि कप पुढच्या घरी पोचवायचा. बाबारावांनी आदल्या दिवशी सगळ्यांना बसवून बजावलं होतं, की आपला पोरगा लिहून राह्यला, पण तो कागद कधी ना कधी विठ्ठलरावाच्या हाती पडेल, तिथं आपला उपास लिहू द्यायचा नाही. धर्म बदलला अन् पोट घेऊन बसले, हे त्याला आपल्याच पोराच्या अक्षरात वाचायला मिळता कामा नये. सगळ्यांना ते पटलं. तिलाही पटलं होतं. आणि त्याच कागदानं आता काम गेलं, दुकान गेलं, हेही तिनं सांगितलं, राग न करता, आज विहिरीला पाणी नाही असं सांगावं तसं.

"मले तरी सांगायचं होतं," श्रावण म्हणाला.

"तुले सांगतलं असतं त तू लेहलं असतं."

"कांता आत्यानं सांगतलंच ना."

"तिनं डबा घेतला नाई. म्हणे, मी पोराशी खोटं नाई बोलत." मथुराबाईनं चुलीतली राख उगाच सारखी केली. "मंग तू लेहलं का तिचं?"

श्रावणला आपली तळटीप आठवली, भरवशाची नाही हे शब्द आठवले, आणि ते लिहिताना आपल्याला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं तेही आठवलं. साऱ्या पुऱ्यात एकच माणूस त्याच्याशी खरं बोललं होतं आणि त्यानं नेमकं तेच पुसून टाकलं होतं.

तो उठला. उद्याच्या उद्या तालुक्याला जातो, अभ्यास चुकीचा आहे असं लिहून देतो, सरांनाही लिहितो, म्हणाला. पदवी गेली तर जाऊ दे, नोकरी गेली तर जाऊ दे. आधी मोठेबाबांना भेटतो, ते कुठं आहेत? मथुराबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. गेले असतील कुठं, म्हणाली, तू बस. तो निघालाच तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि नको जाऊ म्हणाली. तिनं आजवर त्याला कुठं जाऊ नको असं कधी म्हटलं नव्हतं. तो हात सोडवून गेला.

नाल्यापलीकडच्या गाडीवाटेवर ते त्याला दिसले. बाबाराव पुढं होते, उकंडा मागं. दोघांच्या खांद्यावरून दोर गेला होता आणि दोराला विठ्ठलरावांचा मेलेला बैल बांधला होता. चाऱ्यावाचून मेलेला, नुसती हाडं, तरी त्या दोघांना तो ओढवत नव्हता. थोडं ओढायचे, थांबायचे. विठ्ठलराव आपल्या गोठ्याजवळ लिंबाखाली उभे राहून पाहत होते. ते हसले असते तर बरं झालं असतं. ते घरचं रोजचं काम पाहावं तसे पाहत होते, आणि बैल वाटेला लागला हे पाहून आत निघून गेले.

बाबारावांनी श्रावणला पाहिलं आणि दोर खाली ठेवला. उकंडानं तोंड फिरवलं. श्रावण दोराला हात घालायला वाकला तशी बाबारावांनी त्याला अंगानंच बाजूला सारलं.

"तू हात लावू नको. तुहे हात त्या कामाचे नाईत."

"मोठेबाबा, मले सारं समजलं. मी उद्या जाऊन लेहून देतो, ते खोटं हाये म्हून."

"काय लेहशीन? आमी खोटं बोललो म्हून?"

"तुमचं नाव नाई येऊ देत. माही चुकी म्हून लेहतो."

"मंग ते इचारतीन, खरं काय ते लेहा. मंग हे बी लेहा लागन." बाबारावांनी पायानं दोर दाखवला. पायलीभर ज्वारी ठरली होती, तीही अजून मिळायची होती. ते धापा टाकत होते, बोलायला वेळ लागत होता. "साऱ्या पुऱ्याकून वचन म्याच घेतलं, अन् म्याच मोडलं. घरी पोट्टे रडून राह्यले, तं काय करू? पण हे त्याच्या वावरात झालं, त्यानं पाह्यलं, मी पाह्यलं. तितंच राहू दे. नोको लेहू, बापा. कागदावर तरी आमाले दोन टाइम जेवू दे."

त्यांनी दोर पुन्हा खांद्यावर घेतला. उकंडानंही घेतला. गाडीवाट अरुंद होती, दोन्ही बाजूंना बोरीची झुडपं. श्रावण काट्यांत सरकून बाजूला झाला आणि त्यांनी बैल त्याच्यासमोरून ओढत नेला.

त्यानं कुठंच काही लिहिलं नाही. पुढच्या पाऊसपाण्यापर्यंत पुऱ्यातली आणखी चार घरं राजूरकडे गेली. श्रावण ठरल्या तारखेला यवतमाळच्या कॉलेजात रुजू झाला, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यानं मुलांना फळ्यावर शून्य-एकची युक्ती शिकवली. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, की सर, सगळ्यांपेक्षा वेगळं एखादंच घर निघालं तर त्याचं काय करायचं? श्रावणनं फळा पुसला, हाताचा खडू झटकला आणि तास संपायला अवकाश असतानाच वर्गाबाहेर गेला.